पदर घेणारा हात : अर्धांगवायूनंतरच्या एका लुगड्याचं प्रकरण

कराड तालुक्यातल्या एका गावातून एका मुलीचा फोन आला. आजीचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलेलं. आजीला अर्धांगवायू झालाय, लुगडं नेसवता येत नाही, तेव्हा शिवलेली नऊवारी करून द्याल का, अशी विचारणा. "एका दिवसापुरती चालेल ताई, फक्त फोटो चांगले आले पाहिजेत."

लग्नसराईत आणि गणपतीच्या दिवसांत माझ्याकडे शिवलेल्या नऊवारीचंच काम जास्त असतं. पायजम्यासारखे दोन पाय, मागे शिवून टाकलेला काष्टा, पुढे टाचलेल्या निऱ्या, कमरेला इलॅस्टिक आणि हूक. पाय घातले, पदर खांद्यावर टाकला, पिन लावली की झालं. शोभायात्रेत मोटारसायकल चालवणाऱ्या पोरींना याहून सोयीचं काही नाही. तेच आजीच्या मापात करायचं, एवढंच काम दिसत होतं.

प्रकरण लिहून ठेवतेय ते वेगळ्या कारणासाठी. मागणी नातीची होती आणि कपडा आजीच्या अंगावर चढणार होता. त्या आजीला काय हवंय ते सांगायला वाचा उरलेली नव्हती. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बोलतं आणि आपण ऐकतो. इथे ती सोयच नव्हती. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, घरातला थोडा तपशीलही बदललाय.

घर

आजींना दोन वर्षांपूर्वी झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं अशी तिन्ही एकदम गेली. डाव्या बाजूच्या झटक्यात हे पुष्कळांच्या बाबतीत घडतं, कारण उजव्या अंगाचा आणि बहुतेकांच्या भाषेचाही कारभार मेंदूच्या त्याच अर्ध्याकडे असतो. आता चार पायांची काठी डाव्या हातात आणि कुणीतरी कमरेला धरलेलं, अशा त्या घरातल्या घरात चालतात. शब्द तीनच शिल्लक राहिलेत : 'व्हय', 'न्हाई' आणि 'आगं बया'. त्यातही 'व्हय' म्हणताना कधी मान आडवी हलते. समजतं बरंचसं, पण जिभेवर येणारा शब्द मनातलाच असेल याची खात्री नाही.

दवाखान्यातून आल्यापासून अंगावर गाऊन. यात घरच्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. लघवीची नळी, अंथरुणात स्पंज, दिवसातून तीनदा कपडे बदलणं, या सगळ्यात नऊ वारांचं लुगडं कोण नेसवणार? गाऊन डोक्यातून घातला की खाली येतो, धुतला की तासा-दोन तासांत वाळतो. आठवडी बाजारात घेतलेले तीन-चार गाऊन होते, मोठ्या फुलांचे, नायलॉन मिसळलेल्या कापडाचे. सूनबाईही घरात गाऊनच वापरतात. दाराशी भाजीवाला आला की खुंटीवरची ओढणी घेऊन बाहेर जातात. गावोगावच्या बायकांनी गाऊनवरचा हा तोडगा कधीच शोधून ठेवलाय, कुठे ओढणी तर कुठे टॉवेल. आजींनाही नातीने एक ओढणी आणून दिली होती. एका हाताने ती सावरता येईना, दर पाच मिनिटांनी घसरून काठीत अडकायला लागली, म्हणून काढून ठेवली.

अडचण कपड्याची आहे असं मात्र घरात कुणीच म्हणत नव्हतं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी माजघरातून सोप्यापर्यंत, म्हणजे पुढच्या बैठकीच्या पडवीपर्यंत, रोज चालवायला सांगितलं होतं. आजी माजघरात चालायच्या, परसदारी जायच्या, पण सोप्याच्या उंबऱ्याशी आल्या की पाय रोवून उभ्या राहायच्या. 'न्हाई.' घरच्यांनी याचा अर्थ लावला होता की मन खचलंय, आजारात माणूस हट्टी होतं. दुसरी तक्रार कानाची. डावा हात सारखा उजव्या कानापाशी जायचा, तिथे काहीतरी चिमटीत धरल्यासारखं करून खाली यायचा. कान दुखत असेल म्हणून थेंबही घालून झाले होते.

कान

मापं घ्यायला गेले तेव्हा त्यांची धाकटी जाऊ शेंगा फोडत बसली होती. मी बोलता बोलता कानाचं विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "कान कशाचा दुखतोय. पदर घेतिया ती. थोरलं भावजी आलं की घेती."

थोरले भावजी म्हणजे आजींचे मोठे दीर. रोज संध्याकाळी सोप्यावर येऊन बसतात, चहा घेतात, पेपर चाळतात. मग मी मापाची फीत गुंडाळून ठेवली आणि उगाच थांबून राहिले. शेजारची पोरं आत-बाहेर करत होती, तेव्हा हात मांडीवर. नातू आला, हात मांडीवर. बाहेर खाकरल्याचा आवाज आला आणि हात उठला. उजव्या कानाच्या मागे गेला, बोटं मिटली, हनुवटीपर्यंत खाली आली. तिथे कापड नव्हतं, पण हाताला ते ठाऊक नसावं. पुन्हा वर, पुन्हा खाली. त्यांच्या नेसण्यात पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर, तिथून डोक्यावर आणि उजव्या खांद्यापुढे असा येतो. पूर्वी तो ओढायचं काम उजव्या हाताचं. उजवा गेल्यावर ते काम डाव्याने आपल्याकडे घेतलं होतं. कान मध्येच सापडला एवढंच.

सोप्याच्या उंबऱ्याचा उलगडाही त्यातच झाला. उघड्या डोक्याने, गाऊनवर, थोरल्या दिरासमोर त्या जाणार नव्हत्या.

इथे माझं मत सांगून टाकते, कारण ही रीत जपायला तू मदत का केलीस, असं मला नंतर अनेकींनी विचारलं. दिरासमोर डोक्यावर पदर घेण्याची रीत मला पटत नाही. माझ्या सुनेने किंवा मुलीने ती पाळावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण ऐंशी वर्षांच्या, बोलणं गेलेल्या बाईला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारायला मला कुणी बोलावलं नव्हतं. त्या रीतीतून त्या स्वतः बाहेर पडल्या असत्या तर गोष्ट निराळी. त्या बाहेर पडल्या नव्हत्या, त्यांच्याकडून पदर फक्त काढून घेतला गेला होता.

त्या दुपारी माझ्या वहीत लिहिलेलं वाक्य असं : आजींना लुगडं दिसायला नको आहे, करायला हवं आहे. लुगडं नेसलेली बाई दिवसभर त्याच्याशी काही ना काही करत असते. पदर ओढते, ओचा (पोटापाशी खोचलेल्या निऱ्या) खोचते, कनवटीला (कमरेच्या खोचणीत) पानाची चंची नाहीतर पैसे सरकवते, पदराच्या शेवाने नातवाचं नाक पुसते, त्याच शेवाने चुलीवरचं पातेलं उतरवते. कामाला वाकायचं तर पदर कमरेला गुंडाळून घेते. कुणी तिला रागावलं तर पदराचा काठ बोटाला गुंडाळत उभी राहते. साठ-पासष्ट वर्षं हे चाललेलं. गाऊनशी यातलं काहीच करता येत नाही. आणि शिवलेल्या नऊवारीशीही करता येत नाही, हा माझ्या धंद्याला अडचणीचा भाग.

सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस

नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ते करूच, पण त्या दिवसासाठी नऊवारी हवीच. तिचंही खरं होतं. तिच्या डोळ्यांसमोर लहानपणीची आजी होती आणि समारंभ जितका आजीचा तितकाच घराचाही. मग नेहमीसारखी शिवली, हिरव्या रंगाची, जरीकाठी. फक्त पाय रुंद ठेवले आणि कमरेला हुकाऐवजी पुरं इलॅस्टिक घातलं.

दिसायला देखणी झाली. औक्षण झालं, फोटो झाले, पाहुणे म्हणाले आजी अगदी पूर्वीसारख्या दिसतात. पण आजींचा डावा हात सतत कमरेशी. ओचा चाचपत होता. तिथे टाचलेल्या निऱ्या होत्या, शिवणीने घट्ट बसवलेल्या, बोट घालायला जागा नाही. पदर खांद्यावर पिनेने पक्का, ओढला तर चोळीच ओढली जायची. दोन तासांनी संडासला न्यायची वेळ आली. पायजम्यासारखा कपडा म्हणजे एकीने आजींना उभं धरायचं, दुसरीने कमरेवरून खाली ओढायचा, पावलातून काढायचा, खुर्चीच्या कमोडवर बसवायचं. पोचेपर्यंत उशीर झाला. उरलेला दिवस आजी गाऊनवर आतच होत्या.

नऊवारीचं मूळ नेसणं या बाबतीत किती शहाणं आहे, ते अशा वेळी कळतं. मागचा काष्टा सोडला की बाई मोकळी. कमरेची गाठ, निऱ्या, पदर जागच्या जागी राहतात. बाईला शेतात, ओढ्याकाठी, कुठेही कुणाच्या मदतीशिवाय उरकता यायचं. आम्ही शिवणाऱ्यांनी काष्ट्याचं रूप तेवढं घेतलं आणि तो सुटतो हेच काढून टाकलं.

पेटी

आजींची लुगडी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती. खाली काढली. काही लग्ना-मुंजीत आहेर आलेली, घडीसुद्धा न मोडलेली. काही वापरून मऊ झालेली इरकली. इरकल विणलं जातं कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला, पण साताऱ्या-कोल्हापूरच्या शेतकरी बाईच्या अंगावर ते पिढ्यान्‌पिढ्या आहे.

वाचा गेलेल्या माणसाला "हे हवं का?" असं विचारून उपयोग नसतो, 'व्हय' आणि 'न्हाई'ची अदलाबदल होते. दोन वस्तू समोर ठेवायच्या आणि हात कुठे जातो ते बघायचं. एकावेळी दोन लुगडी मांडीवर ठेवत गेलो. आहेराची त्यांनी एकेक करून बाजूला सारली. एका काळपट जांभळ्या सुती इरकलावर हात थांबला. बोटांनी काठ चोळला, नाकाशी नेला. ते अनेकदा धुतलेलं, एके ठिकाणी रफू केलेलं होतं.

आता कापायचं म्हटल्यावर मुलगा अस्वस्थ झाला. आईचं लुगडं फाडायचं? पुन्हा धाकट्या जाऊच पुढे आल्या. लुगडं विरलं की त्याचं दुपटं होतं, लंगोट होतात, शेवटी वाकळंत जातं. फाडायला कसली भीती, असा त्यांचा सरळ हिशेब. आहेराचं कोरं लुगडं कापलं असतं तर त्यांनी मला हाकलली असती, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. तरी कात्री लावण्याआधी मी ती आजींच्या डाव्या हाताला लावली आणि कापडाच्या कडेवर ठेवली. त्यांनी कात्री धरली नाही, पण कापडही ओढून घेतलं नाही. मान हलली, उभी. एवढ्यावर मी काम सुरू केलं.

काय शिवलं

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढं कापड कमरेवर वाहणं अशक्त माणसाला जड होतं. त्यामुळे एका नेसण्याचे तीन भाग केले : कमरेखालचा, चोळी आणि पदर.

कमरेखालचा भाग परकरासारखा, पण मागे उघडा. दोन्ही कडा एकमेकींवर चांगल्या हातभर चढतात, त्यामुळे उभं राहिलं, चाललं तरी काही दिसत नाही. कमोडवर बसताना त्या दोन बाजूंना सारायच्या, कमरेचं काही सोडायचं नाही. काष्ट्याची मूळ सोय मला एवढ्या आडवाटेने परत आणावी लागली. त्यावर मागच्या मध्यावर काष्ट्याची एक सुटी पट्टी लावली, खाली टिचबटणाने अडकणारी. तिचं काम निव्वळ दिसण्याचं, तरी ठेवली. पुढे निऱ्या घातल्या, पण पूर्ण टाचल्या नाहीत. वरचा बोटभर भाग मोकळा सोडला, म्हणजे हात गेला तर खोचल्यासारखं करता यावं.

कमरपट्टी रुंद, अर्धी इलॅस्टिकची. बंद करायला काय वापरावं यावर बराच खल झाला. नाडी एका हाताने बांधता येत नाही. वेलक्रो सोपा, पण सुती कापडाचे तंतू त्यात अडकून धुण्या-धुण्याला त्याची पकड जाते, शिवाय सोडताना चर्रकन वाजतो. चारचौघांत तो आवाज म्हणजे या बाईचं काहीतरी सोडलं जातंय ही दवंडीच. चुंबकाची बटणं एका हाताला फार सोयीची असतात, पण पेसमेकर असलेल्याच्या छातीजवळ ती नकोत. या आजींना पेसमेकर नाही, तरी घरात दुसऱ्या कुणाला असेल आणि कपडे अदलाबदल होतील, म्हणून टाळली. शेवटी पँटला लावतात तो चपटा मोठा हूक, कमरेच्या डाव्या बाजूला थोडा पुढे. डाव्या हाताला तो दुसऱ्या दिवसापासून जमला. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. कमरेपाशी काहीतरी अडकवणं ही त्या हाताची जुनीच ओळख.

चोळीच्या बाबतीत जुन्या बायकांनी अर्धं काम आधीच करून ठेवलंय. गाठीची चोळी पुढून उघडी असते, डोक्यातून घालावी लागत नाही. तीच घेतली. गुळेदगुड्डचा खण, म्हणजे चोळीसाठीच विणलेलं कापड, आजींच्या पेटीत होताच. गाठ कायमची बांधून शिवली आणि तिच्या खाली टिचबटणं लावली. बाहेरून पाहणाऱ्याला गाठच दिसते. उजव्या बाजूचा मुंढा (बाही जोडतात तो घेर) मोठा केला आणि बाहीची शिवण बगलेपासून खालपर्यंत उघडून तिलाही टिचबटणं दिली. लुळा हात बाहीत घालताना ओढला तर खांद्याचा सांधा दुखावतो, निसटूही शकतो. कपडा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी धड हात, हा नियम थेरपीवाल्या बाई सांगतातच. कपड्याने तो नियम पाळायला मदत करावी एवढीच माझी कामगिरी.

आणि पदर. त्याच्यासाठी बाकी सगळं.

तो वेगळा कापूनच लावायचा होता. इरकलाच्या बाबतीत याला आधार आहे : त्याच्या पदराचा ताणा (मागावरचे उभे धागे) वेगळा असतो आणि अंगाच्या ताण्याला तो मागावर फासे घालून जोडतात. पदर वेगळा आणून जोडणं हे त्या कापडाच्या जातीतच आहे. मी तो उजव्या कमरेशी पट्टीत शिवला, छातीवरून डाव्या खांद्यावर नेला आणि तिथे चोळीला दोन टिचबटणांनी अडकवला. पिन नको. काठीत, दाराच्या कडीत पदर अडकला तर बटणं सुटली पाहिजेत, माणूस पडता कामा नये. पाठीवरून पुढे येणारा भाग मोकळा. त्याची लांबी ठरवायला सर्वांत वेळ गेला. कमी ठेवली तर डोक्यावर जाऊन उजव्या कानाखाली पोचत नाही, जास्त ठेवली तर पायात येते. आजींना बसवून, हाताला शेव देऊन, हात जिथे थांबला तिथे खडूची खूण केली. त्या शेवाच्या कोपऱ्यात कापडाची घट्ट घडी शिवली, आत एक रुपयाचं नाणं घालून. वजनामुळे शेव खाली लटकतो आणि चाचपणाऱ्या बोटांना चटकन सापडतो.

डाव्या कमरेला कनवट केली, म्हणजे तिरक्या तोंडाचा खिसा, ओच्याच्या आड. हाताचं मनगट फार वळवावं लागू नये म्हणून तोंडाचा कोन दोनदा बदलला.

पहिल्यांदा नेसवलं तेव्हा थोरले भावजी सोप्यावर नव्हते, कुणीच नव्हतं. आजींचा हात शेवाला लागला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, उजव्या कानाखाली आणला आणि मग सोडून दिला. पुन्हा घेतला. 'आगं बया' म्हणाल्या. कशाला उद्देशून, ते मी सांगू शकत नाही. रुपयाचं नाणं मात्र त्यांनी अंगठ्याने बराच वेळ दाबून पाहिलं.

सूनबाई

इथवर सगळ्यांना आनंद झाला होता. सूनबाई तेवढ्या गप्प होत्या. चहा देताना म्हणाल्या, "ताई, झ्याक झालंय. पण रात्री दोनला उठून हे तीन कपडे सोडायचं कुणी?"

या कपड्याला अंग आजींचं आणि हात सूनबाईंचे. नेसवायचं, सोडायचं, धुवायचं, वाळवायचं, इस्त्री नसेल तर निदान झटकून घडी घालायची, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी दोन वर्षं हे केलंय आणि एकदाही मोठ्याने कुरकुर केलेली नाही. आमच्या क्षेत्रात कपडा वापरणाऱ्याबद्दल कळवळा पुष्कळ असतो, तो धुणाऱ्याबद्दल फारसा कुणी बोलत नाही. आजींना जे वाटतं ते जपताना सुनेची झोप जाणार असेल तर तो कपडा महिनाभरात पुन्हा पेटीत जाणार, हे नक्की.

मग त्यांच्याबरोबर बसून ठरवलं. रात्री गाऊनच, फक्त नायलॉनचा काढून सुती आणि तोही मागून उघडा. सकाळी आंघोळीनंतर तीन तुकडे, संध्याकाळी जेवणानंतर सोडायचे. चोळी रोज बदलायची, कमरेखालचं दिवसाआड. पावसाळ्यात वाळायची पंचाईत म्हणून दुसरा जोड हलक्या कापडाचा. सूनबाईंनी आणखी एक सुचवलं : मागच्या दोन्ही कडांना आतून वेगळ्या रंगाची पट्टी लावा, म्हणजे अंधारात कोणती वर, कोणती खाली ते कळेल. नेसवण्याचा वेळ त्याने निम्म्यावर आला. मी ते स्वतःहून कधीच केलं नसतं.

कनवटीचं काय झालं तेही त्यांच्याचकडचं. घराच्या कपाटाची किल्ली पूर्वी आजींच्या कमरेला असायची. झटका आल्यापासून ती सुनेकडे. सूनबाईंनी एक जुनी, कुलूप हरवलेली किल्ली शोधून कनवटीत घातली. आजींनी ती काढून पाहिली आणि बाजूला टाकली. खोटी ओळखली. आता त्या कनवटीत मशेरीची डबी असते. खरी किल्ली सुनेकडेच आहे आणि ते बरोबरच आहे.

स्वतःला त्या जागी ठेवून

डिझाइन शिकवताना सहानुभूतीचं म्हणून एक उदाहरण बहुतेक ठिकाणी येतं. पॅट्रिशिया मूर ही अमेरिकन डिझायनर १९७९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, म्हातारीचा वेश करून फिरायला लागली. धूसर दिसणारा चष्मा, कानात बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून पट्ट्या. तीनेक वर्षं ती अमेरिका-कॅनडातल्या शंभरावर शहरांतून अशी वावरली. म्हातारपणी दार उघडणं, बसमध्ये चढणं काय असतं ते तिने अंगावर घेऊन पाहिलं आणि वस्तू बनवणाऱ्यांना त्याची दखल घ्यायला लावली. मोठं काम आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण या प्रकरणात त्या वाटेने मी कुठवर पोचले असते? उजवा हात बांधून दिवसभर राहिले असते तर मला बटणांचा त्रास कळला असता, नाडीचा कळला असता. थोरल्या भावजींचं खाकरणं कळलं नसतं. मी लुगडं रोज नेसलेली बाई नाही, माझ्या हाताला पदराची सवयच नाही. स्वतःला आजींच्या जागी ठेवलं असतं तर तिथे मीच सापडले असते, जास्तीत जास्त अधू झालेली मी.

२०१२ साली सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मॅथ्यू वॉल्झर नावाच्या अमेरिकन मुलाने नाइकी कंपनीला पत्र लिहिलं होतं. बाकी कपडे मी स्वतः घालतो, बुटाची नाडी तेवढी बांधता येत नाही. कॉलेजला गेल्यावर रोज कुणीतरी येऊन ती बांधून देईल का, ही काळजी नको, असा त्याचा आशय. त्यातून २०१५ मध्ये मागून चेनने उघडणारा बूट बाजारात आला. तिथे गरज असणाऱ्यानेच ती नेमक्या शब्दांत सांगितली. आमच्या आजींसाठी ते पत्र जाऊबाईंनी लिहिलं, शेंगा फोडता फोडता, एका ओळीत.

कपड्याने मनावर काय परिणाम होतो याचे प्रयोगही झालेत. त्यातला गाजलेला २०१२ चा : डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातला की लक्ष जास्त लागतं, तोच कोट चित्रकाराचा म्हणून दिला तर नाही. २०१९ मध्ये तो प्रयोग जास्त माणसांवर करून पाहिला तेव्हा तसं काही आढळलं नाही. आजी लुगड्यामुळे बऱ्या होतील असं म्हणणारा नातेवाईक मला भेटला, त्याला मी हेच सांगितलं. बोलणं परत आलेलं नाही, हात हललेला नाही. झालंय ते इतकं की संध्याकाळी त्या माजघरातून उंबरा ओलांडून सोप्यावर जातात, भिंतीशी खुर्चीवर बसतात. थोरले भावजी पेपर वाचतात. त्या पदर घेतात. तासाभराने आत येतात. फिजिओथेरपीवाल्या बाईंना हवं असलेलं अंतर रोज दोनदा चालून होतं.

धंद्याचं गणित

एवढ्या वेळात लग्नाच्या दोन नऊवाऱ्या शिवून होतात आणि त्यांचे पैसेही कितीतरी जास्त मिळतात. या कामाची शिलाई मी घेतली ती साध्या ब्लाउज-परकराच्या हिशेबाने, कारण त्या घराला त्याहून परवडलं नसतं आणि फुकट दिलेलं त्यांनी घेतलं नसतं. हे रोज करता येणार नाही. म्हणून कमरेखालचा भाग आणि सुती गाऊन यांचे कागदी नमुने तीन मापांत काढून ठेवलेत. गावातला कुठलाही शिंपी त्यावरून शिवू शकेल असे सोपे. चोळीची बाही आणि पदर मात्र माणूस समोर बसवूनच मापायचे. तिथे नमुना चालत नाही.

सध्या अडलंय ते दुसऱ्या एका मागणीत. तिथल्या बाईंची डावी बाजू गेलेली आहे. वाटलं होतं सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं केलं की जमेल. जमत नाही. पदर डाव्या खांद्यावरच यायला हवा, आणि तोच खांदा लुळा पडून खाली झुकलाय. टिचबटणं लावली तरी पदराच्या ओझ्याने चोळी घसरते आणि दुखऱ्या सांध्यावर ताण येतो. चोळीच्या आतून उजव्या खांद्यावरून एक रुंद पट्टी पाठीमागे आडवी नेऊन पदराचं वजन तिच्यावर टाकून बघतेय. पदर उजव्या खांद्यावर घ्या, असं सुचवून पाहिलं होतं. त्या बाईंना बोलता येतं. त्यांनी मला स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं.